काठा कोणी राखायचा?

मुंबईहून दक्षिणेकडे निघालेली गाडी पेण मागे टाकून रोह्याला पोहोचते, तेव्हा एक मोठे स्थित्यंतर घडते आणि डब्यातल्या एकाही प्रवाशाला त्याची चाहूल लागत नाही. रोह्यापर्यंतचा लोहमार्ग मध्य रेल्वेचा. रोह्यापासून कर्नाटकातील ठोकूरपर्यंतचा, १९९८ साली पूर्ण लांबीने खुला झालेला ७४१ किलोमीटरचा मार्ग कोकण रेल्वे महामंडळाने बांधलेला. रोह्याला मार्गाची जबाबदारी बदलते, नियंत्रण बदलते, हिशेबाच्या वह्या बदलतात. झोपलेला प्रवासी कूससुद्धा बदलत नाही. महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. पण कागदावरच्या रेषा पुसल्या तरी दोन व्यवस्थांना जोडणारा सांधा कुठे ना कुठे राहतोच. तो उत्तम असल्याची खूण एवढीच, की तो कोणाच्या लक्षात येत नाही. आणि जे लक्षात येत नाही त्याच्या देखभालीसाठी पैसे मागायला गेले की आपल्याकडे दारे बंद होतात.

संगणकाच्या जगात अशा सांध्याला मिडलवेअर म्हणतात. खाली यंत्रे, वर तिकीट देणारी, पगार काढणारी, ठेव-कर्जाची खाती ठेवणारी सॉफ्टवेअरे आणि या दोहोंच्या मधे निरोप्याचे काम करणारा हा थर. पोच मिळेपर्यंत निरोप सोडायचा नाही, एकच निरोप दोनदा पोहोचवायचा नाही आणि व्यवहार अर्ध्यावर तुटला तर झालेले सारे मागे घेऊन पाटी कोरी करायची, ही त्याची व्रते. कोकणात गणपतीला जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण सकाळी आठ वाजता खुले होते, तेव्हा हजारो हात एकाच वेळी त्याच मोजक्या शायिकांकडे झेपावतात. रोह्याच्या खिडकीवरचा आणि दादरच्या खिडकीवरचा प्रवासी एकाच क्षणी एकच शायिका मागतो. ती एकालाच मिळते आणि दुसऱ्याच्या नावावर फसवी नोंद राहत नाही, ते या मधल्या निरोप्यामुळे. चाकरमानी प्रतीक्षायादीला शिव्या घालतो, ते समजण्यासारखे आहे. पण एकच शायिका दोघांना विकली गेल्याची तक्रार किती विरळ असते, हे कोणी मोजत नाही.

भारतीय रेल्वेने हे काम किती आधी हाती घेतले, याचाही आज विसर पडला आहे. दिल्लीत १९८५ मध्ये संगणकीय आरक्षणाचा आरंभ झाला. पुढच्याच वर्षी रेल्वेची ‘क्रिस’ ही संस्था उभी राहिली. निरनिराळ्या आरक्षण केंद्रांना एकत्र गुंफणारी ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली १९९४ मध्ये सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एका जाळ्यात आली. प्रणाली लिहिली ती भारतीय अभियंत्यांनी. तिच्या गुणवत्तेबद्दल एवढे सांगितले तरी पुरे, की तीन दशके तिने या देशाचा भार वाहिला.

मात्र तिच्या पायाखालची जमीन आपली नव्हती. संगणकाचे मूळ तंत्र म्हणजे ‘ओपनव्हीएमएस’ आणि निरोप्याचे काम करणारे ‘रिलायेबल ट्रान्झॅक्शन राउटर’, ही दोन्ही डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी कंपनीची निर्मिती. नावात ‘ओपन’ असले तरी ते तंत्र कंपनीच्या कुलपातलेच. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डिजिटल विकत घेतली. २००२ मध्ये कॉम्पॅक ह्युलेट-पॅकार्डच्या पोटात गेली. ह्युलेट-पॅकार्डने २०१३ मध्ये या तंत्राच्या पुढच्या वाटचालीतून अंग काढून घेतले आणि २०१४ मध्ये ते व्हीएमएस सॉफ्टवेअर नावाच्या एका लहान कंपनीकडे सोपवले. ते ज्या इटॅनियम प्रोसेसरवर चालत होते, त्याचा शेवटचा पुरवठा इंटेलने २०२१ मध्ये केला. यात कोणाचा कट नव्हता. मालक बदलले, त्यांचे धंद्याचे गणित बदलले आणि जगातील एका मोठ्या रेल्वेची आरक्षण व्यवस्था दूर कुठेतरी झालेल्या निर्णयांच्या मागे फरफटत गेली. २०१० मध्ये बसवलेली आरक्षणाची यंत्रणा इटॅनियम आणि ओपनव्हीएमएसवर चालते, ती बदलून मिनिटाला पंचवीस हजारांऐवजी एक लाखाहून अधिक तिकिटे देऊ शकणारी नवी यंत्रणा उभारली जात आहे, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये संसदेत सांगितले. वेग चौपट होईल, हे स्वागतार्हच. पण २०२५ च्या निवडीची कुलपे २०५५ मध्ये कोणाच्या हाती असतील, हा प्रश्न वेगाहून मोठा आहे.

त्याची चुणूक त्याच वर्षी मिळाली. युरोपीय संघाच्या निर्बंधांचा आधार घेऊन मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या संगणकीय सेवा थांबवल्या. कंपनीत रशियन भांडवल आहे, हे कारण. भारतीय न्यायालयाने काही म्हटलेले नव्हते, भारत सरकारने कोणतीही बंदी घातलेली नव्हती. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. प्रकरण मिटले, पण पैसे मोजून घेतलेली सेवासुद्धा परक्या राजधानीतल्या निर्णयाने एका दिवसात गोठू शकते, एवढे त्यातून उघड झाले.

अशा वेळी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते, असे हे सॉफ्टवेअर. लिनक्स, पोस्टग्रेस, टॉमकॅट, काफ्का, रॅबिटएमक्यू ही नावे सर्वसामान्य वाचकाच्या कानावर नसतील. पण तो रोज जे व्यवहार करतो त्यांतले कितीतरी यांच्या खांद्यावरून जातात. आधारची यंत्रणा उभारताना अशाच घटकांवर भर दिला गेला. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्तस्रोताला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले आणि पुरवठादाराने ते वापरले नाही तर कारण द्यावे, अशी अट घातली. मालक रुसला, विकला गेला किंवा बुडाला तरी संहिता आपल्या हाती राहते, हा यातला मोठा लाभ. २०२० च्या डिसेंबरमध्ये रेड हॅटने ‘सेंटओएस ८’ या विनामूल्य प्रणालीची मुदत २०२९ वरून २०२१ वर आणली, तेव्हा जगभर हलकल्लोळ झाला. पण संहिता खुली असल्यामुळे काही महिन्यांतच रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे दोन पर्याय उभे राहिले. कुलपातल्या तंत्राच्या बाबतीत हे घडूच शकत नाही.

मराठी मुद्रणसृष्टीला हा धडा निराळा शिकवायला नको. नव्वदच्या दशकापासून ज्या-त्या कंपनीच्या फाँटमध्ये जुळवलेले मजकूर आज उघडले तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसते. मजकूर आपला, लेखक आपले, भाषा आपली. किल्ली तेवढी दुसऱ्याची. युनिकोड आणि लोहितसारखे मुक्त फाँट आल्यावर ही कोंडी फुटली.

इथपर्यंत सारे ठीक. दुर्दैवाने आपल्या कार्यालयांत ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ ‘फुकट’ असा लावला गेला. परवाना शुल्क वाचले म्हणून पाठ थोपटून घेतली जाते आणि वाचलेल्या रकमेतला एक रुपयाही त्या संहितेच्या राखणीकडे वळत नाही. खुली जमीन मिळाली म्हणजे तिला राखणदार लागत नाही, हा समज किती महाग पडतो, ते पाहायला अमेरिकेपर्यंत जायचे कारण नाही. पेणच्या खारेपाटात गेले तरी पुरे.

खाडीच्या भरतीला अडवून माणसाने काढलेली ही भातजमीन. समुद्राच्या अंगाला मातीचा मोठा बाहेरकाठा, आत लहान बांध आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी पण भरतीला आत न घेणारी उघाडी. काठा एकदा बांधून होत नाही. खेकडा त्यात बीळ पाडतो, बिळातून पाणी झिरपते, झिरपणीची धार होते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात त्याच जागी खांड पडते. मग पुढच्या भरतीआधी, म्हणजे साधारण बारा तासांत, ती बुजवावी लागते. कारण खारे पाणी शेतात मुरले की पुढचे काही हंगाम भात विसरायचे. यासाठी खारेपाटात जोळ होती. काठ्याच्या राखणीत प्रत्येक घराचा वाटा ठरलेला. खांड पडल्याची हाक आली की ज्याचे शेत काठ्याला लागून आहे तोच नव्हे, ज्याचे शेत पार आतल्या अंगाला आहे तोही फावडे घेऊन निघे. पाणी आज त्याच्या शेजाऱ्याच्या शेतात असले तरी उद्या त्याच्याच शेतात येणार, हे त्याला कोणत्याही परिपत्रकाविना ठाऊक होते. या व्यवस्थेत सारे गोड होते असे मात्र नव्हे. खोतीचा जाच तिच्या शेजारीच नांदत होता आणि १९३३ ते १९३९ असा चाललेला चरीचा शेतकरी संप त्याची साक्ष देतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदा झाला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम आला. काठे हळूहळू सरकारच्या अखत्यारीत गेले, पेणला खारभूमी विकास विभागाचे कार्यालय झाले. हेतू चांगलाच होता. पण सरकारी व्यवस्थेला काठा बांधता येतो. त्यासाठी अंदाजपत्रक असते, निविदा असते, उद्घाटन असते. खेकड्याचे बीळ बुजवण्यासाठी यातले काहीच नसते. काठा सरकारचा झाला तशी जोळ मोडली. पेण आणि अलिबाग तालुक्यांत जिथे एकेकाळी भात डोलत होते अशा कितीतरी शेतांत खारे पाणी शिरले आणि कांदळवन उभे राहिले.

मुक्तस्रोताचा काठाही असाच जोळेवर उभा आहे आणि जगाने ती जोळ फुकटात वापरली आहे. इंटरनेटवरील गोपनीय व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मध्ये एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची मोठी खांड सापडली. ती दोन वर्षे तशीच होती. जगातल्या बँका ज्याच्या भरवशावर चालत होत्या त्या प्रकल्पात पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलरच्या, हे तेव्हा उजेडात आले. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या नोंदी ठेवणाऱ्या छोट्याशा घटकातील दोषाने जगभरच्या संगणक विभागांची झोप उडवली. तो घटक सांभाळणारे फावल्या वेळात काम करणारे स्वयंसेवक होते.

त्यापुढचा प्रसंग अधिक अस्वस्थ करणारा. फाइली दाबून लहान करणारे ‘एक्सझेड’ हे सॉफ्टवेअर एकच गृहस्थ वर्षानुवर्षे सांभाळत होते, थकले होते. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी २०२१ पासून मदतीला आले. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने सालसपणे काम केले, विश्वास मिळवला, सहराखणदार झाला आणि मग २०२४ मध्ये आत चोरवाट बसवली. ती जगभरच्या लिनक्स यंत्रांत पसरायच्या बेतात असताना पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले. त्याने पिच्छा पुरवला आणि चोरवाट सापडली. काठ्यावरून चालणाऱ्याला पायाखाली ओल जाणवावी, तसे हे. त्या दिवशी तो माणूस काठ्यावर नसता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

संहिता खुली आहे, हजार डोळे तिच्यावर आहेत, म्हणून ती सुरक्षित आहे, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. डोळे असणे आणि पाहणे यांत अंतर असते. पेणकरांना ते २०१० मध्ये कळले. पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा बोगस कर्जखात्यांचा डोलारा बाहेर आला. लेखापरीक्षण नव्हते असे नाही. ते रीतसर होत होते. आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या ठेवीदारांना ‘कागदपत्रे तपासणीसाठी खुली होती’ या वाक्याने काय दिलासा मिळणार?

म्हणून प्रश्न मुक्तस्रोत घ्यावे की घेऊ नये हा नाही. ते घ्यायलाच हवे. परक्याच्या कुलपातली व्यवस्था हा स्वावलंबी राष्ट्राचा मार्ग असू शकत नाही. प्रश्न राखणीच्या खर्चाचा आहे. आपल्या शासकीय निविदांत पैसे मिळतात ते ‘कार्यान्वित करण्याचे’. प्रणाली सुरू झाली, फीत कापली, छायाचित्र छापून आले. मग तीन-पाच वर्षांचा देखभाल करार, आणि तो संपता संपता मूळ माणसे दुसऱ्या प्रकल्पावर गेलेली. ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’ हे पुढचे धोरण. खालचे मिडलवेअर मात्र थांबत नाही. त्याच्या नव्या आवृत्त्या येतात, जुन्यांचा आधार तोडला जातो. लिनक्सच्या गाभ्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पूर्वी सहा वर्षे आधार मिळे. राखणदार दमले म्हणून २०२३ मध्ये ही मुदत दोन वर्षांवर आणण्याचा निर्णय झाला. रेल्वेचे इंजिन तीन दशके धावते. दोन वर्षे आणि तीन दशके यांतले अंतर भरून कोण काढणार? सीमेन्स, हिताची, तोशिबा यांनी हे ओळखून २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ सुरू केला आणि वीज, रेल्वे, कारखाने यांच्यासाठी एकाच आवृत्तीची दहा वर्षांहून अधिक काळ राखण करण्याचे काम वाटून घेतले. त्यांच्यात स्पर्धा आहे, तरी काठा सामायिक आहे हे त्यांना उमगले. त्याच्या संस्थापकांत एकही भारतीय नाव नाही. ज्या देशाचे अभियंते साऱ्या जगाचे सॉफ्टवेअर सांभाळतात, त्या देशाला हे शोभत नाही.

यावर कोणी म्हणेल, की आपण संहिता घ्यावी, आपल्याला हवी तशी बदलावी आणि वेगळी चूल मांडावी. हा स्वदेशीचा विपर्यास आहे. खासगीत केलेला प्रत्येक बदल पुढच्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा बसवावा लागतो. चार-पाच वर्षांत तो डोंगर इतका वाढतो की नवी आवृत्ती घेणेच अशक्य होते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही येईनाशा होतात. दुरुस्ती मूळ प्रकल्पाला परत द्यावी, ती सर्वांच्या तपासणीतून जावी आणि आपल्या माणसाला त्या प्रकल्पात मान मिळावा, यातच खरे स्वामित्व आहे. जर्मनीने २०२२ मध्ये सार्वजनिक पैशातून अशा राखणीसाठी स्वतंत्र निधी सुरू केला. भारतात झेरोधा या बंगळूरच्या दलाली कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. एक खासगी कंपनी जे करते, ते केंद्र आणि राज्य सरकारांना जमू नये? आपल्या प्रणालीत कोणते घटक कोणत्या आवृत्तीचे आहेत, याची यादी ठेवण्यासाठी ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यादी ही पहिली पायरी झाली. यादीतल्या प्रत्येक नावापुढे राखणदार कोण, हा रकाना अजून भरायचा आहे.

हे सारे दिल्ली-मुंबईपुरते नाही. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली: मूळ आराखड्यात ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपये, पाच वर्षे आणि नाबार्डच्या देखरेखीखाली सर्वांसाठी एक सामायिक सॉफ्टवेअर. विविध कार्यकारी सोसायटीचा सचिव पूर्वी ज्या खतावणीत शेतकऱ्याचे पीककर्ज लिहीत असे, ती आता या सामायिक यंत्रणेत आहे. कल्पना उत्तम आहे. एकट्यादुकट्या सोसायटीला स्वतःचा अभियंता कधीच परवडला नसता. नागरी सहकारी बँकांसाठीही मार्च २०२४ मध्ये शिखर संस्था कार्यान्वित झाली, तिच्याकडे तंत्रज्ञानाची बाजू आहे. सहकाराने पुन्हा जोळ बांधण्याची ही संधी आहे: प्रत्येक सोसायटीचा, प्रत्येक बँकेचा दरवर्षी ठरलेला वाटा, त्यातून पगारावर ठेवलेले, बदली न होणारे राखणदार, आणि त्यांचे काम मूळ मुक्तस्रोत प्रकल्पांत नोंदले जावे अशी व्यवस्था. पहिल्या पाच वर्षांची मुदत २०२६-२७ मध्ये पुरी होते. त्यानंतरच्या सहाव्या वर्षाची तरतूद कोणत्या शीर्षाखाली आहे, हे सहकार मंत्रालयाने आताच जाहीर करावे.

रेल्वेलाही हेच विचारायला हवे. १९९४ मध्ये ‘कॉन्सर्ट’वर काम करणारा पंचविशीतला अभियंता आज साठीकडे झुकला आहे. तिकीट रद्द होऊन प्रतीक्षायादी सरकताना मधल्या निरोप्याने नेमके काय करायचे, गाडी सुटण्याआधी तक्ता कधी गोठवायचा, अशा शेकडो बारकाव्यांपैकी किती कागदावर आहेत आणि किती केवळ त्याच्या डोक्यात? नव्या यंत्रणेचे काम घेणाऱ्यांनी त्याच्या शेजारी किती तरुण बसवले आहेत आणि ते तिथे किती वर्षे राहणार आहेत, याचा आकडा मिनिटाला किती तिकिटे निघणार या आकड्याच्या बरोबरीने संसदेपुढे यायला हवा.